मुलुंडचा मघातला दुष्काळ

माझं काम दुष्काळाचं आहे म्हटलं, की लोक आधी माझ्या तोंडाकडे आणि मग माझ्या अंगाकडे बघतात. मी चांगली जाडजूड बाई आहे, मुलुंडला राहते, आणि आमच्याकडे पावसाळाभर कपडे वाळत नाहीत. तरी सगळी नोकरी मी एकाच कामात घालवली. राज्यातल्या तालुक्यांचे पावसाचे जुने आकडे समोर घ्यायचे आणि कुठे दुष्काळ वाढत चाललाय, कुठे ओसरतोय, ते शोधायचं. याला आमच्या कचेरीत ‘कल काढणं’ म्हणतात.

लग्नकार्यात कुणीतरी गाठतंच. “काय मग, दुष्काळ वाढतोय की कमी होतोय? एका वाक्यात सांगा ना!” अरे बाबा, एका वाक्यात सांगता येत नाही म्हणून तर मला पगार मिळतो. एखादा तालुका बरीच वर्षं कोरडा जातो, सगळे म्हणतात संपलं, आणि मग पुढची बरीच वर्षं तिथे नीट पाऊस होतो. तुम्ही मोजायला कुठल्या वर्षापासून सुरुवात केलीत, त्यावर कागदावरची रेघ वर जाणार की खाली हे ठरतं. कधी वर्षाचा पाऊस जेवढ्यास तेवढा असतो, पण मध्येच असा लांबलचक खंड पडतो की पीक उभ्याउभ्या करपतं. बेरीज बघणाऱ्याला वाटतं, झकास वर्ष. एवढं सांगेपर्यंत विचारणारा जिलेबीकडे वळलेला असतो.

आणि सगळ्यात मोठी डोकेदुखी म्हणजे आकड्यांमधली भोकं. पाऊस मोजणारा माणूस आजारी पडला, बाटली फुटली, नवा माणूस आलाच नाही. त्या दिवसांची जागा कोरी राहते. मग कुणाला तरी ती कोरी जागा बघवत नाही आणि तो तिथे शून्य भरतो. झालं! त्या तालुक्यात कागदोपत्री दुष्काळ पडतो. शून्य म्हणजे मोजलं आणि पाऊस नव्हता. कोरी जागा म्हणजे मोजलंच नाही. हा फरक मी घरी इतक्या वेळा समजावलाय की मी ‘शून्य’ म्हटलं की नवरा टीव्हीचा आवाज वाढवतो.

माझे सासरे मात्र ऐकून घ्यायचे. ते मालवणकडचे. तरुणपणी गिरणीत होते, गिरणी बंद पडल्यावर मुलुंडच्याच एका कारखान्यात स्टोअर सांभाळायला लागले आणि तिथूनच निवृत्त झाले. माणूस गप्पिष्ट, तोंडाने फटकळ, पत्त्यांत हरला की चिडणारा. सासूबाई गेल्या आणि त्यांनी गॅलरीतली खुर्ची धरली ती सोडेनात. बागेतला पत्त्यांचा अड्डा बंद. मासळी आणायला जाणं बंद. दाढी आठवड्याने, तीही मी मागे लागले तर. गावाहून त्यांच्या बहिणीचा फोन यायचा, “कसे दिवस जातत रे तुझे?” हे म्हणायचे, “काय नाय गो. शून्य.” मी स्वयंपाकघरात कणीक मळता मळता ते ऐकायची आणि माझा हात थांबायचा. त्याच वर्षी आमच्या मुलीला बंगलोरला नोकरी लागली. तिने आजोबांच्या हातावर पेढा ठेवला. त्यांनी तो खाल्ला, हात लुंगीला पुसला आणि पुन्हा रस्त्याकडे बघत बसले.

वर्ष उलटून गेलं. तेवढ्यात मला त्या पाऊसवेड्या लोकांचा ग्रुप सापडला. उपनगरांतली हौशी मंडळी, प्रत्येकाच्या गच्चीवर किंवा अंगणात एक पर्जन्यमापक. अंधेरी, बोरिवली, घाटकोपर, ट्रॉम्बे. आरे कॉलनीतल्या एक बाई आणि मनोरीला बंगली असलेले एक गृहस्थसुद्धा. रोज सकाळी साडेआठला मोजायचं आणि ग्रुपवर टाकायचं, मग नकाशावर प्रत्येक ठिकाणाचं गोल वर्तुळ पावसाप्रमाणे रंगायचं. बोरिवलीचे एक निवृत्त भूगोलाचे प्राध्यापक हे सगळं चालवायचे. सगळे त्यांना मास्तर म्हणायचे आणि थोडे टरकूनही असायचे. त्यांना मुलुंडला कुणीतरी हवं होतं. मी सासऱ्यांचं नाव देऊन मोकळी झाले आणि नंतर त्यांना सांगितलं.

“माका काय कळता त्यातला?” ते वैतागले.

“स्टोअरमध्ये आलेला माल मोजून घेत होतात ना, बाबा? हा पण मालच. वरून येतो एवढंच.”

त्यांनी नाक मुरडलं. पण मापक आल्यावर त्यांनीच तो उलटापालटा करून बघितला. साधी वस्तू हो. वर नरसाळं, आत पाणी साठायला बाटली, आणि शेजारी रेघा असलेला उभा काचेचा ग्लास. बाटलीतलं पाणी ग्लासात ओतायचं आणि रेघ वाचायची. मी त्यांना एकच नियम घालून दिला. “ऐकलेला पाऊस सांगायचा नाही, बाबा. मोजलेला सांगायचा.”

दुसऱ्या दिवशी सकाळी मी चहा घेऊन गेले तर आरशासमोर उभे. तोंडाला फेस.

“आज कुठे निघालात?”

“कामार,” म्हणाले.

त्या दिवसापासून रोज दाढी. रोज इस्त्रीचा शर्ट, हातात छत्री आणि जिने चढून गच्चीवर. खाली येऊन चष्मा नाकावर चढवून ग्रुपवर आकडा टाकायचे आणि लोकांचे अंगठे यायची वाट बघायचे. घाटकोपरच्या गृहस्थांशी तर त्यांची रोजची जुंपायची, कुणाकडे जास्त पडला यावरून. जसं काही आपापल्या अंगणात पिकवलेलंच होतं! संध्याकाळी बागेत जाऊन पत्तेवाल्यांना सुनावायला लागले, “अंधेरीक कोरडा ठाक आणि आमच्या मुलुंडात बघ.” एकदा तर येताना मासळीबाजारातून सौंदाळे घेऊन आले. मी ते साफ करता करता रडले आणि नवऱ्याला सांगितलं की कांदा उग्र आहे. कांदा मी अजून घेतलाही नव्हता.

जून-जुलै असा मजेत गेला. ऑगस्ट अर्धा सरला आणि आमच्या मुलुंडला दुष्काळ लागला.

म्हणजे पाऊस पडत होता. पहाटे पत्र्यावर वाजताना मी ऐकत होते. पण बाबा वरून यायचे ते चेहरा पाडून. बाटलीच्या तळाशी जेमतेम दोन बोटं पाणी. घाटकोपरला भरपूर, ट्रॉम्बेला भरपूर, नकाशावर सगळीकडे निळी वर्तुळं आणि मध्ये मुलुंडचं एक फिकट पिवळं. पहिल्या दिवशी मी म्हटलं, होतं असं. उपनगरांत एका बाजूला धो धो आणि दुसरीकडे ऊन, हे काय नवीन आहे? पण रोज तेच व्हायला लागल्यावर माझ्यातली दुष्काळवाली जागी झाली. मागचा डोंगर, वाऱ्याची बदललेली दिशा, नवे उंच टॉवर, सगळं घेऊन मी एक छानपैकी सिद्धान्त मांडला. कचेरीत दोघांना ऐकवलासुद्धा. त्यातला एक म्हणाला, “मॅडम, लिहून काढा.” मी जवळजवळ काढणारच होते.

मास्तरांनी असले सिद्धान्त केले नाहीत. त्यांनी ग्रुपवर सरळ लिहिलं, “मुलुंडचे आकडे जुळत नाहीत. मापक बिघडला असेल किंवा वाचणाऱ्याची चूक होत असेल. महिनाअखेर असंच राहिलं तर मुलुंड बंद करू.”

बाबांनी ते मोठ्याने वाचलं. ‘वाचणाऱ्याची चूक’ पाशी थांबले.

“माझी चूक व्हता काय गो?” त्यांनी विचारलं. चिडून विचारलं असतं तर बरं वाटलं असतं. ते खरंच विचारत होते.

नवरा रात्री जेवताना पुटपुटला, “बाबांना नीट दिसत नसेल आता. वयच झालंय ना.” मी त्याच्यावर अशी भडकले की त्याने आमटी न मागता ताट उचललं. मग मी मापाचं पाणी घेऊन बाबांच्या समोर त्या मापकात ओतलं आणि त्यांना वाचायला लावलं. बरोब्बर रेघेवर. गळतीही नाही, टिपूस नाही. म्हणजे मापकही ठीक आणि माणूसही ठीक. मग पाऊस जातोय कुठे?

“चोर लागलो आसात,” बाबा म्हणाले.

“पावसाला कोण चोरतं, बाबा?”

दुसऱ्या दिवशी ते दाढी न करताच वर गेले. मला ते बघवेना. बाहेरच्या लोकांना काय, एक वर्तुळ कमी झालं असतं. मला मात्र ती गॅलरीतली खुर्ची दिसत होती. मी बाहेर जाता-येता ती भिंतीकडे तोंड करून ठेवायला लागले, म्हणजे पटकन बसता येऊ नये. वेडेपणाच तो, पण केला मी.

बाबा आपल्या परीने उपाय करत होते. त्याच सुमारास तिसऱ्या मजल्यावरच्या बांनी त्यांना जिन्यात एक छोटी बाटली दिली होती. या बा म्हणजे आमच्या बिल्डिंगमधल्या सगळ्यात ज्येष्ठ गुजराती बाई. त्यांच्या हातचे ठेपले न खाल्लेलं घर आमच्या बिल्डिंगमध्ये नाही. “डोळ्यांत घाला, भाऊ, थंडक पडेल,” असं त्या म्हणाल्या होत्या. ‘वाचणाऱ्याची चूक’ झाल्यापासून बाबा रोज सकाळी गच्चीवर जाण्याआधी त्यातले दोन थेंब डोळ्यांत घालायचे. रेघ नीट दिसावी म्हणून. डॉक्टरांना विचारल्याशिवाय डोळ्यांत काही घालू नका म्हणून मी ओरडले, पण ऐकतो कोण!

महिनाअखेर जवळ आली. रविवार होता. मी खोबरं खवत होते, बाबा पेपर पुढे धरून बसले होते, वाचत नव्हते. दार वाजलं. बा उभ्या. हातात काचेची मोठी बाटली, तोंडाला पांढरं फडकं घट्ट बांधलेलं.

“लो बेटा,” त्या म्हणाल्या, “हे तुमच्या घरासाठी. बघा, मघा आता संपेल. वर्षभर खराब नाही होत हे पाणी. पोट दुखलं, डोळे आले, चमचाभर घ्यायचं.”

“कसलं पाणी, बा?”

“मघाचं! मघा नक्षत्राचं! दुसरं कसलं?” मला एवढंही ठाऊक नाही याचं त्यांना नवल वाटलं. “आमच्याकडे मघामध्ये आकाशाखाली थाळी ठेवायची आणि पाणी भरून घ्यायचं. जमिनीला लागलेलं नाही चालत. पत्र्यावरून आलेलं नाही चालत. मी दरवर्षी ठेवायची, पण कबुतरं घाण करतात. या वर्षी वर गेले तर काय, भाऊंनी किती सरस ठेवलंय! नरसाळं, आत बाटली, वरून जाळी! मी म्हटलं, वाह, मराठी माणूस पण मघा पाळतो.”

माझ्या हातातली वाटी तशीच राहिली. “बा, तुम्ही ते पाणी रोज घेत होतात?”

“रोज. सकाळी देवाचं झालं की लगेच. पण सगळं नाही हं!” बांनी दोन बोटं आडवी धरून दाखवली. “एवढं भाऊंसाठी ठेवायची. त्यांचा पण हक्क आहे ना! आणि बाटली पुसून परत ठेवायची.”

मी मागे वळून बघितलं. बाबा उठून माझ्यामागे येऊन उभे होते. एक हात आपोआप डोळ्याकडे गेला होता.

“म्हणजे,” ते सावकाश म्हणाले, “जो पाऊस माका गावत नाय म्हणान मी डोळ्यांत औषध घालतंय, ता औषध म्हणजे तोच पाऊस?”

आणि ते हसायला लागले. आधी नाकातून, मग खांदे हलायला लागले, मग भिंतीला टेकून, खोकला लागेपर्यंत. सासूबाई गेल्यापासून हे हसू मी ऐकलं नव्हतं. कसं असतं तेच विसरले होते. बांना काही कळेना, पण समोरचा माणूस एवढा हसतोय म्हटल्यावर त्याही हसायला लागल्या. नवरा आतून धावत आला, त्याला वाटलं काय झालं. मी त्याला सांगायला गेले आणि माझ्याच्याने वाक्य पुरं होईना.

मापक म्हणजे काय, मास्तर कोण, मुलुंड बंद करणार म्हणजे काय, हे सगळं समजल्यावर मात्र बांचा चेहरा उतरला. त्यांनी आम्हाला वर आपल्या घरी नेलं. देवघराच्या खालच्या फळीवर बाटल्या ओळीने उभ्या, सगळ्यांची तोंडं फडक्याने बांधलेली. मुलुंडचा सगळा दुष्काळ तिथे मांडून ठेवला होता! माझ्या डोंगराच्या आणि वाऱ्याच्या सिद्धान्ताची तिथल्या तिथे वाट लागली. कचेरीतल्या त्या दोघांना काय सांगायचं, याचा विचार मी सोमवारवर टाकला.

नवरा इंजिनिअर आहे, त्याला लगेच तोडगा सुचला. “सोपंय! सगळ्या बाटल्या ग्लासाने मोजू. बेरीज करू आणि प्रत्येक दिवसाला वाटून टाकू. मास्तर खूश, बाबा खूश.”

बा घाबरल्या. उघडलेलं पाणी टिकत नाही म्हणून. पण आमच्यासाठी त्यांनी पहिल्या बाटलीच्या गाठीला हात घातलाच.

“नको, बा,” बाबा म्हणाले. “ऱ्हवांदे.” मग नवऱ्याकडे वळले. “कुठच्या दिवसाचा कुठल्या बाटलीत, तुका ठावक आसा? माका नाय. बांनी कितक्या जणांका वाटल्यांनी, ताय ठावक नाय. मग अंदाजान लिवू? स्टोअरात अशी माझी नोकरी एक दिवस टिकली नसती.”

“पण मग बाबा, ते मुलुंड बंद करतील ना,” नवरा म्हणाला.

“करूंदे.”

‘करूंदे’ म्हणताना त्यांचा आवाज हलला. तो नवऱ्यालाही ऐकू आला असावा, कारण त्याने ती बाटली उचलून परत फळीवर ठेवली.

घरी येऊन त्यांनी ग्रुपवर लिहिलं. मला शब्द विचारले नाहीत, फक्त टाकायच्या आधी दाखवलं. “नमस्कार. मघा नक्षत्र लागल्यापासूनचे माझे आकडे खोडावेत. पाऊस पडला होता पण मोजायला मिळाला नाही. तो शेजारच्या बांच्या घरी देवघरात आहे. तिथे शून्य किंवा कमी लिहू नये. जागा कोरी ठेवावी.”

टाकलं आणि फोन टेबलावर पालथा ठेवला. पेपर उघडला. मी खोबरं खवायला परत गेले खरी, पण कान तिकडेच. फोन टुणटुणायला लागला. घाटकोपरवाल्यांनी हसून हसून डोळ्यांत पाणी आलेले चेहरे ओळीने पाठवले होते. आरेच्या बाईंनी लिहिलं, त्यांच्याही लहानपणी हे पाणी ठेवायचे. मनोरीच्या गृहस्थांना एक बाटली हवी होती. मास्तरांचं काही नाही. आमची जेवणं झाली. बाबांनी पानात भात टाकला. दुपारी ते आडवे झाले तेव्हा मी फोन हळूच उलटा करून बघितला, तर मास्तरांची एक ओळ येऊन पडली होती. “ठीक. जागा कोरी ठेवली आहे. मुलुंड चालू राहील. उद्या साडेआठला आकडा पाठवा.”

झोपलेल्या माणसाला उठवू नये असं म्हणतात. मी गदागदा हलवून उठवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मीसुद्धा त्यांच्याबरोबर गच्चीवर गेले. गुळगुळीत दाढी, निळा शर्ट. बांनी आमच्याही आधी येऊन गच्चीच्या दुसऱ्या टोकाला स्वतःची पितळी कळशी मांडली होती, वर नवंकोरं नरसाळं. मापकापासून शक्य तितकी लांब, उगाच संशय नको! रात्री बरा पाऊस झाला होता. बाबांनी बाटली ग्लासात ओतली, डोळ्यांच्या रेषेत धरली, वाचली आणि मग माझ्याकडे धरली. “तू बघ.” मी बघितलं. आकडा तोच होता.

खाली मोबाईलवर त्यांनी नकाशा उघडून दाखवला. मघातल्या त्या दिवसांवर मुलुंडच्या जागी नुसतं वर्तुळ, आत रंग नाही. आजचं मात्र निळं. त्या रिकाम्या वर्तुळांवरून त्यांनी बोट फिरवलं.

“तुमच्या हाफिसात अशी कोरी जागा गावली तर काय करतास?”

“कोरीच ठेवतो. शून्य भरलं तर नसलेला दुष्काळ पडतो ना, बाबा.”

“हां. सांगितलंस तू मागे.” त्यांनी चष्मा काढला, शर्टाच्या टोकाने पुसायला घेतला. बराच वेळ पुसत होते. “ही गेली त्या वर्साक मी सगळ्यांका शून्य सांगी होतंय. तुका आठवता?”

मी मान हलवली. 

“त्याच वर्सात पोरीक नोकरी लागली. तिना पेढो दिल्यान, मी खाल्लंय. गोड होतो.” त्यांनी चष्मा परत डोळ्यांवर चढवला आणि माझ्याकडे बघितलं. “ता शून्य नाय होता गो. मोजूचा रवला.”

मग त्यांनी मुलीला बंगलोरला फोन लावला, आणि ती ऑफिसला निघायच्या घाईत असतानाही तिला मुलुंडचा त्या दिवसाचा आकडा सांगितला.